बोटभर मातीवरची वस्ती

साताऱ्याच्या पश्चिमेला पंचवीसेक किलोमीटरवर, सुमारे 1200 मीटर उंचीवर कासचं पठार आहे. मे महिन्यात तिथे काळपट जांभा आणि वाळकं गवत, एवढंच दिसतं. सप्टेंबरात तीच जागा फुलांनी झाकून जाते. साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पतींची इथे नोंद आहे, आणि पश्चिम घाटातल्या ज्या 39 स्थळांना युनेस्कोने 2012 साली जागतिक वारसा ठरवलं, त्यांत कासही आहे.

ही समृद्धी सुपीक मातीची असेल असं कोणालाही वाटेल. पण इथे मातीचीच वानवा आहे. लाखो वर्षांच्या पावसाने मूळच्या बेसाल्टमधली सिलिका आणि क्षार धुऊन नेले, मागे लोह आणि ॲल्युमिनियमने भरलेला कडक जांभा उरला. त्यावर माती कुठे बोटभर, कुठे वीतभर, कुठे मुळीच नाही. मोठ्या झाडाला मूळ धरता येत नाही, म्हणून सावलीही पडत नाही. उजेडाला आसुसलेल्या बुटक्या रोपांना असं मोकळं रान दुसरीकडे क्वचितच मिळतं.

मातीची जाडी वनस्पती कशा निवडते, हे पाहायला दहा पावलं पुरतात. उघड्या खडकावर दगडफूल आणि शेवाळ. पाणी साचून राहणाऱ्या उथळ खळग्यांत गेंदाची पांढरी बटणं आणि सीतेच्या आसवांचा जांभळा थर. माती थोडी वाढली की गुलाबी तेरडा आणि पिवळी सोनकी. त्याहून खोल जागी गवत दाटतं, टोपली कारवीची झुडपं दिसू लागतात. आणि पठाराच्या कडेला, जिथे मूळ खाली उतरू शकतं, तिथे खरं जंगल सुरू होतं.

खळग्यांतल्या ओल्या मातीत नत्र फार कमी. त्यावरचा सीतेच्या आसवांचा उपाय थक्क करणारा आहे. या नाजूक रोपाला मातीखाली टाचणीच्या डोक्याहून लहान पिशव्या असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव पिशवीच्या दाराशी असलेल्या केसांना लागला की दार उघडतं, जीव पाण्यासकट आत ओढला जातो आणि दार मिटतं. डोळ्याची पापणी लवायच्या आत हे सगळं होतं; मग तो जीव पचवून रोप नत्र मिळवतं. शेजारची दवबिंदू नावाची वनस्पती हेच काम पानांवरच्या चिकट थेंबांनी करते.

दुसरी अडचण वेळेची. पाऊस ओसरला की खडक तापतो आणि माती काही आठवड्यांत कोरडी पडते. तेवढ्यात उगवायचं, फुलायचं, बी धरायचं. उरलेलं वर्ष कोणी बियांत काढतं, कोणी कंदात. टोपली कारवीचं गणित मात्र वेगळं: साधारण सात वर्षांतून एकदा सगळी झुडपं मिळून फुलतात. इतकं बी एकाच हंगामात पडलं की ते खाणाऱ्यांना पुरून उरतं.

या वस्तीत गुरांचाही वाटा आहे. परिसरातल्या गावांची जनावरं पिढ्यानपिढ्या पठारावर चरत आली. पर्यटकांची झुंबड उडाल्यावर कुंपण घातलं गेलं. फुलं तुडवली जाऊ नयेत हा हेतू रास्तच होता, पण चराई थांबल्यावर गवत माजलं आणि बुटकी फुलझाडं त्याखाली दबू लागल्याची तक्रार पुढे आली. अखेर कुंपण काढण्यात आलं. चराई किती असावी हा प्रश्न सोपा नाही. पण माणूस आणि गुरं वजा केली की निसर्ग आपोआप सुधारतो, हा समज इथे टिकत नाही.

अशा पठारांना महसुली कागदांत पडीक म्हणण्याची सवय फार महागात पडते आहे. कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे तिथल्या जांभ्याच्या पठारांवर, हीच गेंद-सीतेच्या आसवांची कुळं नांदतात. तिथे जांभा फोडून खड्डे घेतले जातात, बाहेरची माती भरली जाते आणि कलमं लावली जातात. आंबा उत्तम येतो. पण खळगे बुजले, माती कमरेइतकी झाली, की उथळ पाण्यावर जगणाऱ्या त्या बुटक्या रोपांना तिथे जागाच उरत नाही. बागायतदाराच्या पोटापाण्याचा प्रश्न खरा आहे. म्हणूनच कोणता सडा फोडायचा आणि कोणता राखायचा, हे खड्डे घेण्याआधी, पावसाळ्यात सड्यावर फिरून ठरवायला हवं.