फ्रिक्वेन्सी: मोजदाद आणि तिला चिकटलेले गुण

६ मार्च २०२२ रोजी पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो धावू लागली आणि संत तुकाराम नगरात ‘फ्रिक्वेन्सी’ हा शब्द घरगुती झाला. गर्दीच्या वेळी गाड्यांची फ्रिक्वेन्सी वाढवा, असं स्थानकाच्या जिन्यावर कुणीही म्हणतं. त्याच गाडीच्या डोक्यावरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्टची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते, तीही फ्रिक्वेन्सी. जवळच्या वायसीएम रुग्णालयातलं सोनोग्राफीचं यंत्रही एका फ्रिक्वेन्सीवर चालतं. आणि फलाटावर कुणाच्या तरी मोबाइलमध्ये एक गुरुजी सांगत असतात की आपली फ्रिक्वेन्सी उंचावली की पैसा आपोआप येतो. पहिल्या तिन्हींचं एकमेकांशी नातं आहे. गुरुजींचं त्यांच्याशी काही नाही.

नातं एवढंच की एखादी गोष्ट ठरावीक काळात किती वेळा घडते, त्याची ही मोजदाद. सेकंदाला एकदा घडली तर एक हर्ट्झ. ती किती जोरात घडते, किती शुद्ध आहे, किती कल्याणकारी आहे, यातलं काहीही त्या आकड्यात नसतं. वारंवारतेबद्दलचे बहुतेक गैरसमज इथेच जन्माला येतात. आकडा मोजणीचा असतो आणि आपण त्याला गुण चिकटवतो.

‘दर दहा मिनिटांनी बस, म्हणजे सरासरी पाच मिनिटं थांबायचं’

गाड्या समान अंतराने येत असतील तर हे खरं आहे, त्यामुळे मेट्रोला बऱ्याच अंशी लागू पडतं. बसचं तसं नाही. समजा, निगडीहून तासाला सहा बस सुटल्या. सिग्नल, गर्दी, चढउतार यांत वल्लभनगरला येईपर्यंत त्या जोडीजोडीने येऊ लागल्या. एकीमागे दोन मिनिटांत दुसरी, मग अठरा मिनिटं रस्ता मोकळा. बस तासाला सहाच आहेत आणि सरासरी अंतरही दहाच मिनिटांचं आहे. पण तुम्ही केव्हाही स्टॉपवर गेलात तर दोन मिनिटांच्या फटीपेक्षा अठरा मिनिटांच्या पोकळीत सापडण्याची शक्यता नऊपट असते. हिशेब केला तर सरासरी थांबणं आठ मिनिटांच्या वर जातं. वेळापत्रक लावणारा खोटं बोलत नाही आणि वैतागलेला प्रवासीही. एकाने बस मोजल्या, दुसऱ्याने वेळ मोजला.

‘फ्रिक्वेन्सी जास्त, म्हणजे जोर जास्त’

भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये मोटर गरम होऊ लागली की ‘आज लाइनला फ्रिक्वेन्सी कमी आहे’ असं सहज म्हटलं जातं. कमी असतं ते बहुधा व्होल्टेज. व्होल्टेज गल्लीगल्लीत वेगळं असू शकतं, फ्रिक्वेन्सी नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही वाहिनी जोडली गेली, दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाला मिळालं आणि तेव्हापासून भोसरीतली मोटर आणि गुवाहाटीतला पंखा एकाच ठेक्यावर चालतात. हा ठेका ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये राखायचा असतो. मागणी एकदम वाढली की तो देशभर एकदमच खाली सरकतो. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता देशाने नऊ मिनिटं दिवे मालवले, तेव्हा मागणी तीस हजार मेगावॉटहून अधिक घसरली. ती पुन्हा वर येईपर्यंतच्या त्या थोड्या वेळात हा आकडा ५०.२६ पर्यंत चढला आणि ४९.७० पर्यंत उतरलाही. पाव-अर्ध्या हर्ट्झची ही हालचाल सांभाळताना भार प्रेषण केंद्रातल्या इंजिनिअरांचा जीव टांगणीला लागला होता.

जास्त फ्रिक्वेन्सी जास्त खोल शिरते, हाही असाच समज. गिअर आणि शाफ्ट इंडक्शन हार्डनिंगला देणाऱ्या चाकणच्या कामगाराला उलटं ठाऊक असतं. दहा किलोहर्ट्झच्या आसपास पोलादाचा काही मिलिमीटर थर तापतो, दोनशे-चारशे किलोहर्ट्झवर जेमतेम मिलिमीटरभर. कारण फ्रिक्वेन्सी वाढली की प्रवाह पृष्ठभागाला चिकटून वाहतो. सोनोग्राफीत कारण वेगळं, पण अनुभव तोच. पोट पाहायला दोन ते पाच मेगाहर्ट्झ लागतात. थायरॉइडसारखी उथळ गाठ पाहायला सात ते पंधरा वापरतात. चित्र बारीक येतं, पण लहरी खोल पोचण्याआधीच विरतात.

एका बाबतीत मात्र फ्रिक्वेन्सीला खरंच वजन आहे. प्रकाशाच्या किंवा रेडिओलहरींच्या एकेका कणाची ऊर्जा तिच्यावर ठरते. पण हा नियम फाइव्ह-जीला घाबरणाऱ्यांच्या बाजूने नाही. आपल्याकडचा फाइव्ह-जी मुख्यतः साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. स्वयंपाकघरातल्या दिव्याच्या प्रकाशाची फ्रिक्वेन्सी त्याच्या लाखभर पटींहून जास्त असते. रेणू तोडण्याइतकी ऊर्जा त्याही पलीकडे, अतिनील किरणांपासून पुढे सुरू होते. टॉवरबद्दल विचारायचंच तर त्याची शक्ती किती आणि तो किती अंतरावर आहे, हे विचारावं.

‘बाबांना हवं तेवढंच ऐकू येतं’

हा गैरसमज मला सगळ्यांत दुष्ट वाटतो, कारण तो घरात भांडणं लावतो. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात प्रेस शॉपमध्ये किंवा फोर्जिंगला तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या घरी हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. हाक मारली की ते वळतात. टीव्ही ऐकतात. पण सून काही सांगते ते ‘कळत’ नाही. मग शंका अशी येते की हे सोंग आहे.

सोंग नाही. तरुण कान साधारण वीस ते वीस हजार हर्ट्झ ऐकतो, पण कारखान्यातला गोंगाट त्याला सगळीकडून सारखा खात नाही. यंत्राचा धडधडाट खालच्या फ्रिक्वेन्सीचा असला तरी पहिला घाव बहुधा चार हजार हर्ट्झच्या आसपास बसतो. कानाच्या नळीची रचनाच अशी आहे की तीन हजारांच्या आसपासचा आवाज ती आपोआप वाढवते, आणि आतल्या शंखाकृती भागात त्याच्या जरा वरचा पट्टा सर्वांत आधी झिजतो. तपासणीच्या आलेखात तिथे खड्डा दिसतो.

आता भाषेकडे या. आपल्या बोलण्यातला जोर स्वरांत असतो, आणि त्यांची बहुतेक ऊर्जा खालच्या पट्ट्यात असते. शब्दाशब्दांतला फरक मात्र व्यंजनं करतात. ‘स’ आणि ‘श’ यांची ऊर्जा नेमकी वरच्या, आधीच झिजलेल्या भागात असते. ‘फ’ तर मुळातच क्षीण. म्हणून ‘साठ’ बोललं की ‘आठ’ पोचतं, ‘सात’ बोललं की ‘हात’. आवाज येतो, शब्द येत नाही. आपण ओरडतो तेव्हा स्वरच मोठे होतात, ‘स’ तसा फारसा वाढत नाही. वर बाबा म्हणतात, “अगं, ओरडतेस कशाला, ऐकू येतंय मला!” दोघंही खरं बोलत असतात. समोर येऊन, तोंड दिसेल असं, जरा सावकाश बोललं तर जास्त फायदा होतो. श्रवणयंत्र नीट लावलेलं असेल तर तेही सगळा आवाज सरसकट वाढवत नाही, गेलेला पट्टाच उचलून धरतं.

कामावर कानात कापूस घातला की भागलं, हाही समज अजून आहे. कापूस नावापुरताच आडोसा करतो. खरे प्लग किंवा मफ लागतात. गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा कायद्याने नोंदवायच्या आजारांच्या यादीत आहे. वयाच्या नावाखाली तो परस्पर खपवला जातो, तेवढं करायला नको.

फोनवरही हाच प्रकार होतो. जुन्या टेलिफोनच्या तारेतून साधारण तीनशे ते चौतीसशे हर्ट्झच पलीकडे जात. म्हणून नाव सांगताना ‘फणसातला फ, सशातला स’ करावं लागे. त्यात एक गंमत आहे. पुरुषाच्या आवाजाची मूळ फ्रिक्वेन्सी शंभर-सव्वाशेच्या आसपास असते, म्हणजे ती तारेतून जातच नव्हती. तरी मामाचा जाड आवाज फोनवर जाडच ऐकू यायचा. त्या मूळ आकड्याच्या तिप्पट, चौपट, पाचपट स्वरांमधलं अंतर पाहून मेंदू गाळलेला स्वर स्वतःच भरतो. हवेत नसलेली फ्रिक्वेन्सीही आपण ऐकतो, ती अशी.

‘४३२ हर्ट्झ ही निसर्गाची फ्रिक्वेन्सी’

पाश्चात्त्य वाद्यवृंद ‘ए’ हा स्वर ४४० हर्ट्झला लावतात. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने तो संकेत १९५५ मध्ये मान्य केला. ४४० माणसाला अस्वस्थ करतो आणि ४३२ शांत, असे व्हिडिओ आता मराठीतही भरपूर आहेत. गोम अशी की हर्ट्झ हे एकक सेकंदावर बेतलेलं आहे आणि सेकंद माणसाने ठरवलेला आहे. १९६७ पासून तो सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांइतका धरतात. सेकंद जरा लांब ठरला असता तर त्याच स्वराचा आकडा दुसराच झाला असता. निसर्ग ४३२ वर हट्ट धरून बसेल कशाला?

आपल्या संगीताला तर हा वादच परका आहे. आपल्या षड्जाला ठरलेला आकडाच नाही. भजनी मंडळात गाणाऱ्याचा गळा पाहून पेटी काळी एकला धरतात किंवा पांढरी चारला. पहिली पट्टी २७७ हर्ट्झच्या जवळ, दुसरी ३४९ च्या. अभंग दोन्हीकडे तोच. पंचम षड्जाच्या दीडपट आणि तार षड्ज दुप्पट, ही प्रमाणं सांभाळली की झालं. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बावीस श्रुतींवरचं पुस्तक १९१० मध्ये काढलं, तेही या प्रमाणांचंच होतं. पेटीत ही प्रमाणं किंचित हुकतात. आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षं पेटीला दार बंद ठेवलं, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं. मला ती बंदी अतिरेकी वाटते, पण तिच्यामागचा कान पक्का होता.

पखवाजातून ठाम स्वर निघतो, त्याचं श्रेय मात्र शाईला. साध्या ताणलेल्या कातड्यावर थाप मारली तर उपस्वर वेडेवाकडे निघतात, त्यातून ठाम स्वर उमटत नाही. मधल्या शाईच्या वजनामुळे ते मूळ स्वराच्या जवळपास पूर्णांक पटींत येतात. सी. व्ही. रामन यांनी हे १९२० मध्ये दाखवून दिलं. शाई घोटणाऱ्यांना ते त्याआधी किती पिढ्या हाताने ठाऊक होतं, कोण जाणे.

‘खोडदची दुर्बीण आकाशातले आवाज ऐकते’

नाशिक फाट्यावरून चाकण, मंचर करत नारायणगावला पोचलं की खोडद येतं. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. सहलीला आलेल्या मुलांना त्या आकाशातले आवाज ऐकतात असं सांगतात. तसं होत नाही. आवाजाला हवेसारखं माध्यम लागतं, रेडिओलहरीला लागत नाही. हायड्रोजनकडून येणारी लहर १,४२० मेगाहर्ट्झची असते. तिचा ध्वनी केला तर तो आपण केलेला, तिने आणलेला नव्हे. मोबाइल, इंजिनांच्या ठिणग्या, विजेच्या तारा अशा कशाचाही त्या क्षीण लहरींना उपद्रव होतो. पुणे-नाशिक रेल्वेचा याच बाजूने आखलेला मार्ग या दुर्बिणीच्या कारणाने मागे पडला, ते यामुळे.

याच दुर्बिणीच्या मदतीने भारतीय गटाने जून २०२३ मध्ये, जगातल्या इतर गटांबरोबर, नॅनोहर्ट्झ गुरुत्वीय लहरींचे पुरावे मांडले. एक नॅनोहर्ट्झ म्हणजे सुमारे बत्तीस वर्षांत एक आवर्तन. चाकणच्या कारखान्यात नोकरीला लागलेला माणूस निवृत्त होईपर्यंत एक. फ्रिक्वेन्सी म्हटलं की काहीतरी वेगाने थरथरत असणार, ही समजूत इथे संपते.

‘जो शब्द जास्त वेळा, तोच विषय’

शब्दांचीही फ्रिक्वेन्सी काढतात. मजकुरातले शब्द मोजून विषय काढायचा, ही संगणकाची जुनी युक्ती. तुकोबांच्या गाथेवर ती चालवून पाहा. साडेचार हजारांच्या आसपास अभंग आणि जवळजवळ प्रत्येकाच्या शेवटी ‘तुका’. नुसत्या मोजणीने निष्कर्ष निघेल की हे पुस्तक तुका नावाच्या माणसाने स्वतःविषयी लिहिलं. देहूत हे सांगून बघावं!

यावर उपाय कॅरन स्पार्क जोन्स या ब्रिटिश संशोधिकेने १९७२ मध्ये सुचवला. जो शब्द प्रत्येक कागदात येतो त्याचं वजन शून्याकडे न्यायचं आणि मोजक्याच कागदांत दिसणाऱ्याचं वाढवायचं. त्या हिशेबात ‘तुका’, ‘म्हणे’, ‘आणि’ हे सगळे गळून पडतात. तरी मराठीत एक अडचण राहतेच. विठ्ठल, विठोबा, पांडुरंग, पंढरीनाथ, नारायण ही नावं वेगवेगळी मोजली जातात. शिवाय विठ्ठला, विठ्ठलें, विठोबाचे, विठोबासी ही रूपं यंत्राला निराळे शब्द वाटतात. त्यामुळे देवाचे गुण इतक्या खात्यांत विभागले जातात की यादीत तो खाली घसरतो. ही रूपं मुळाशी नेऊन एकत्र करणारी साधनं मराठीसाठी आहेत, पण ती आजच्या गद्यावर बेतलेली आहेत. सतराव्या शतकातली विभक्ती त्यांना अडखळवते, आणि ती यादी अजून माणसालाच हाताने दुरुस्त करावी लागते.