विश्लेषण : रेडिओवरून टेप केलेल्या मैफली दबक्या का वाजतात?

आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला आणि अनेक घरांत शनिवारची रात्र शास्त्रीय संगीतासाठी राखीव झाली. पुढे टू-इन-वन आले आणि श्रोते या मैफली कॅसेटवर टेप करू लागले. त्यातल्या काहींची दुसरी प्रत कदाचित कुठेच नसेल. त्यांचा दबका, खरखरीत आवाज आज कितपत सुधारता येतो?

रेडिओवर काय गळते?

मध्यम लहरींवर दोन केंद्रांमध्ये जेमतेम ९ किलोहर्ट्झचे अंतर असते. शेजारच्या केंद्राचा आवाज मिसळू नये म्हणून बहुतेक घरगुती रेडिओ साधारण साडेचार-पाच हजार हर्ट्झच्या वरचा आवाज कापतात. गायकाचे मूळ सूर हजार हर्ट्झच्या आत असल्याने राग नीट कळतो. पण तानपुऱ्याची जवारी आणि ‘स’, ‘श’ची धार हरवते. एफएमवर हीच मर्यादा १५ हजार हर्ट्झपर्यंत जाते.

टेपरेकॉर्डरमुळे काय बिघडते?

अनेक टू-इन-वनमध्ये आवाजाची पातळी आपोआप ठरते. त्यामुळे संथ आलापीत खरखर वर येते आणि जोरकस तानेत आवाज दबतो. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. तो वाजवताना सहा टक्क्यांनी वाढला, तरी काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये गातोय असे वाटते.

काय परत मिळते?

प्रसारणातच गळलेले सूर परत येत नाहीत. टेपवर उतरलेले, पण वाजवताना हरवणारे सूर मात्र मिळवता येतात. त्यासाठी चांगला डेक वापरावा, हेड स्पिरिटने पुसावे आणि ते तिरपे असल्यास जाणकाराकडून स्क्रू फिरवून सरळ करून घ्यावे. चुकलेला वेग संगणकावरही दुरुस्त होतो.

कोणती चूक टाळावी?

खरखर घालवण्याची घाई करू नये. टेपची खरखर आणि तानपुऱ्याची आस एकमेकांत मिसळलेली असतात. एक पुसताना दुसरीही जाते. आधी २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर वेव्ह किंवा फ्लॅक प्रत करावी, ती दोन ठिकाणी ठेवावी आणि सफाईचे प्रयोग तिसऱ्या प्रतीवर करावेत. तारीख, केंद्र, कलाकार आणि राग यांची नोंदही फाईलसोबत ठेवावी. मूळ कॅसेट मात्र फेकू नये.