परसबागेत लाकडी पाट्या लावा, गावरान बियाण्याची ओळख जपा

पावसाळा तोंडावर आला की परसबागेत आळी घातली जातात. लावताना सगळं लक्षात असतं, पण दोन महिन्यांनी कोणतं आळं कशाचं, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. आमच्याकडे मागच्या वर्षी हेच झालं. पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहिलेली नावं पहिल्याच पावसात धुऊन गेली. आईनं जपलेला वाल आणि बाजारातून आणलेला वाल एकत्र झाला. यंदा लाकडी पाट्या केल्या.

आपल्याच जिल्ह्यातल्या, अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपण्याच्या कामासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. बियाणं जपायचं तर आधी त्याची ओळख टिकली पाहिजे. त्यासाठी साधी पाटीही कामाला येते.

लाकूड कोणतं? सुताराकडचे सागाचे तुकडे किंवा जुन्या दाराची फळी चालते. आंब्याच्या लाकडाला कीड लवकर लागते. कंपनीतल्या पॅकिंगच्या फळ्या घेतल्या तर शिक्का बघा. इंग्रजीत 'एचटी' असेल तर लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं असतं. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते लाकूड भाजीजवळ नको आणि चुलीतही नको.

कशी करायची? साधारण ८ इंच लांब, ४ इंच रुंद फळी कापा. पॉलिश पेपरनं घासून घ्या. पांढऱ्या ऑइल पेंटचे दोन हात द्या. मागची बाजू आणि कापलेल्या कडा विसरू नका, पाणी तिथूनच आत शिरतं. वाळल्यावर काळ्या रंगानं अक्षरं काढा. रंग नको असेल तर तापलेल्या सळईनं अक्षरं डागा आणि वरून जवसाचं तेल लावा. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळ्या पसरून वाळवा.

खुंटी दीड-दोन फुटांची, बाभळीची घ्या. पाटी तिला दोन स्क्रूनं बसवा. वाळवी आधी खुंटीला लागते, मग तेवढीच बदलता येते. झाडाच्या खोडाला मात्र खिळा ठोकू नका.

काय लिहायचं? वाणाचं नाव, लावल्याची तारीख आणि बी कुणाकडून आणलं, एवढं पुरे. बी काढलं की हेच डब्यावर लिहा.

एक लक्षात ठेवा. दुधी, दोडका, भोपळा यांचा परागकण मधमाश्या इकडून तिकडे नेतात. दोन जातींचे दुधी शेजारी असतील तर नुसत्या पाटीनं बी शुद्ध राहत नाही, बियाण्यासाठी एकच जात लावा. वाल, घेवड्यात ही भेसळ कमी होते.

आईकडे डब्यात जुन्या वालाचं मूठभर बी उरलं होतं. यंदा पहिली पाटी त्याच आळ्याजवळ रोवली आहे.