एका टेकमध्ये झालेलं गाणं आणि लेबलवरचं एकच नाव

गिटार हातात घेतली की ए मायनर कॉर्ड पकडून एकेक तार छेडत जाणारी एक ओळ बहुतेक सगळे शिकतात. 'हाऊस ऑफ द रायझिंग सन'ची. आज तिची गोष्ट, कारण कव्हर करणाऱ्या प्रत्येक बँडला ती माहीत असायला हवी.

हे गाणं कोणी रचलं? कोणीच सांगू शकत नाही. ते अमेरिकेतलं लोकगीत आहे. १९३३ मध्ये क्लॅरेन्स अ‍ॅशली यांनी ते रेकॉर्ड केलं होतं. पुढे न्यूयॉर्कच्या डेव्ह व्हॅन रॉन्क यांनी त्याचे कॉर्ड स्वतःच्या पद्धतीने बसवले. ती बांधणी बॉब डिलनने उचलली आणि १९६२ च्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये वापरली. व्हॅन रॉन्कना स्वतः ती रेकॉर्ड करायची होती, पण डिलनने आधी केली.

मग आले 'द अ‍ॅनिमल्स'. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलची पाच पोरं. १९६४ मध्ये ते चक बेरीबरोबर दौऱ्यावर होते. आता चक बेरीसमोर रॉक अँड रोल वाजवून काय छाप पडणार? म्हणून त्यांनी हे संथ, काळोखं गाणं निवडलं. रोज स्टेजवर वाजवून ते इतकं पक्कं झालं, की १८ मे १९६४ ला लंडनच्या स्टुडिओत एकाच टेकमध्ये काम झालं.

नीट ऐका, प्रत्येकाचं काम वेगळं कळतं. सुरुवातीची ओळ हिल्टन व्हॅलेंटाइनच्या इलेक्ट्रिक गिटारची. एरिक बर्डन खालच्या आवाजात सुरू करतो आणि शेवटी अक्षरशः ओरडतो. मधला ऑर्गन अ‍ॅलन प्राइसचा. खाली चॅस चँडलरचा बेस आणि जॉन स्टीलचे ड्रम्स. गाणं जवळजवळ साडेचार मिनिटांचं, त्या काळच्या सिंगलच्या मानाने फारच लांब. तरी ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे पहिल्या नंबरवर गेलं.

आणि रेकॉर्डच्या लेबलवर काय छापलं? पारंपरिक गाणं, मांडणी: प्राइस. बस्स! पाचही नावं लेबलवर मावत नव्हती, म्हणून एकच टाकलं, असं सांगतात.

इथेच खरी मेख आहे. लोकगीताला मालक नसतो, पण तुम्ही केलेल्या नव्या मांडणीवर हक्क सांगता येतो. त्या हक्काची रॉयल्टी लेबलवर ज्याचं नाव, त्याच्याकडे गेली. ज्या गिटारवरून जग हे गाणं ओळखतं, ती वाजवणाऱ्याला मांडणीचे पैसे मिळाले नाहीत. १९६५ मध्ये प्राइसने बँड सोडला, पण ही सल बाकीच्यांच्या मनात पुढे कित्येक वर्षं राहिली.

मी कोड लिहून पोट भरतो. आमच्याकडे कुठली ओळ कोणी लिहिली, याची नोंद आपोआप होते. रिहर्सलमध्ये तसं होत नाही. तिथे एक जण रिफ काढतो, दुसरा टेम्पो बदलतो, तिसरा म्हणतो 'इथे थांबूया', आणि महिन्याभराने कोणी काय केलं हे कोणालाच आठवत नाही.

म्हणून तुमचा बँड एखादं जुनं गाणं नव्याने बसवत असेल, तर अपलोड करण्याआधी दहा मिनिटं बसा. मांडणीत कोणाचा काय वाटा, पैसे आले तर कसे वाटायचे, ते लिहा आणि ग्रुपवर टाका. मैत्री चांगली असते तेव्हाच हे लिहून होतं. हिट झाल्यावर बोलणं अवघड जातं.

आता हेडफोन लावा आणि ते गाणं पुन्हा ऐका. या वेळी पाचही जण ऐकू येतात का बघा. भेटू पुढच्या भागात!