राजवाड्याआधी तलाव

मुंबई-नागपूर जुन्या रस्त्यावर, जालन्यापासून तीसेक किलोमीटरवर सिंदखेडराजा लागतं. गाडी थेट राजवाड्याच्या भव्य दरवाजासमोर थांबते. आत जायचं, म्हाळसा महालात जिजाऊंच्या जन्मस्थानी डोकं टेकवायचं, दरवाजापुढे उभं राहून फोटो काढायचे आणि ऊन चढायच्या आत लोणारचा रस्ता धरायचा. बहुतेकांचं सिंदखेड एवढ्यातच उरकतं. नमस्कार करायला हरकत नाहीच. पण स्वराज्याचं स्वप्न पाहणारी बाई कशा गावात वाढली, हे त्या अर्ध्या तासात कळत नाही.

खरं तर जिजाऊंच्या लहानपणाविषयी कागदपत्रं फारशी बोलतच नाहीत. जन्म १२ जानेवारी १५९८, वडील लखुजी जाधवराव, आई म्हाळसाबाई, १६०५ च्या सुमारास शहाजीराजांशी लग्न, एवढी चौकट मिळते. तिच्या आतलं चित्र रंगवलं ते बखरकारांनी, कीर्तनकारांनी आणि अलीकडे मालिकावाल्यांनी. त्यामुळे माझ्या मते इथे कागदापेक्षा गाव वाचावं, आणि वाचायला सुरुवात राजवाड्यापासून न करता पाण्यापासून करावी.

मोती तलावावर पहिल्यांदा जाणारा माणूस किल्ल्यापाशी आल्यासारखा थबकतो. तलावाची समोरची भिंत तटबंदीच्या धर्तीची, भरभक्कम दगडी. नुसतं पाणीच अडवायचं असतं तर एवढा थाट कशाला? पण हा बांध सरदाराचा आहे आणि तो तसाच दिसायला हवा, असा बांधणाऱ्याचा हिशेब असावा. या पाण्यावर शेती भिजायची. दुसरा चांदणी तलाव, त्याच्या मधोमध तीन मजली इमारत उभी आहे. ती पाण्यात असताना पाहावी. तळ उघडा पडला की निम्मी शोभा जाते. गावात सजना बारव आहे, आणि दगडात कोरलेल्या मूर्तींमुळे नाव पडलेली पुतळा बारव आहे. पुतळा बारवेच्या पायऱ्या उतरताना नजर पाण्याकडे जातच नाही, भिंतीवरच्या मूर्तींवर खिळते. पाणी भरायला येणाऱ्या बायकांच्या वाटेवर एवढं कोरीवकाम करून ठेवणारी माणसं रसिक होती, आणि पैसेवालीही.

हा भाग बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे कारभाराने अमरावती विभागात येतो. पण जमीन आणि पाऊस मराठवाड्याचे शेजारी. आभाळाने पाठ फिरवली की काय होतं, ते इथल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. अशा मुलखात जहागीर टिकवायची तर तलवारीइतकाच तलावही लागतो. हे बघत वाढलेली मुलगी पुढे पुण्याला आली, तेव्हा आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने जाळून उद्ध्वस्त केलेलं गाव तिच्यापुढे होतं. लोकांना परत बोलावणं, शेतीला कौल देणं, कसब्यातल्या गणपतीचं देऊळ उभारणं, आंबील ओढ्यावर बांध घालणं, ही कामं परंपरेने जिजाऊंच्या आणि दादोजी कोंडदेवांच्या नावावर आहेत. सिंदखेडचे तलाव पाहून पुण्याच्या त्या दिवसांकडे पाहिलं तर जिजाऊंनी पुण्यात सोन्याचा नांगर फिरवल्याची गोष्ट नुसता चमत्कार वाटत नाही. हा दुवा माझा आहे, कुठल्या कागदात लिहिलेला नाही. पण तलावाच्या भिंतीवर उभं राहिल्यावर तो सुचल्याशिवाय राहत नाही.

तलावांनंतर नीलकंठेश्वर आणि रामेश्वर ही जुनी देवळं करावीत. जाधव इथे येण्याच्या कितीतरी आधीपासून गाव नांदतं होतं, हे ती सांगतात. जून २०२४ मध्ये याचा आणखी ठळक पुरावा जमिनीतून वर आला. लखुजीराजांच्या समाधीच्या परिसरात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं जतनाचं काम चालू असताना जुन्या मंदिराचे दगड लागले. आणखी खाली, सव्वादोन मीटरवर, शेषशायी विष्णूची मूर्ती मिळाली: पावणेदोन मीटरच्या आसपास लांब, पायांशी लक्ष्मी, पट्टीवर समुद्रमंथन. बातमी देशभर गाजली. गावातल्या लोकांना मात्र आपण कशावर राहतो, याचा अंदाज आधीपासूनच असावा. इथे जुने कोरीव दगड दिसणं ही नवलाची गोष्ट नाही.

आता राजवाडा. इथे लखुजी कोण होते ते आठवावं. देवगिरीच्या यादवांचा वारसा सांगणारं घराणं, निजामशाहीतले मातब्बर सरदार. १६२१ च्या सुमारास ते मोगलांकडे गेले तेव्हा घराण्याला मिळून २४ हजारांची मनसब मिळाल्याचं फारसी नोंदी सांगतात. दक्षिणेतला मराठा सरदार आपल्या बाजूला यावा म्हणून बादशहा केवढी किंमत मोजत होता, ते यावरून कळतं. जिजाऊंचं माहेर म्हणजे असं घर.

रंगमहालापाशी रंगपंचमीची गोष्ट हमखास ऐकायला मिळते: लहान शहाजी आणि जिजाऊ रंग खेळत होते, लखुजी थट्टेने म्हणाले, जोडा काय छान दिसतो, आणि शहाजीच्या वडिलांनी, मालोजीराजांनी, भर सभेत तोच शब्द धरला. बखरीतली गोष्ट आहे. गोष्ट म्हणून गोड, इतिहास म्हणून बेताची. तिच्यात दोन घराण्यांमधला मानापमान मात्र नेमका उतरला आहे. लग्नानंतरही तो मिटला नाही. खंडागळे सरदाराचा हत्ती दरबाराबाहेर पिसाळला आणि त्या गोंधळात जाधव-भोसले आपसात भिडले, अशी हकिकत सांगतात. त्यात जिजाऊंचे भाऊ दत्ताजी पडले, आणि शहाजीराजांचे चुलतभाऊ संभाजीही. एकाच दिवशी माहेरी आणि सासरी सुतक.

सगळ्यात शेवटी समाधी पाहावी, कारण कालक्रमानेही ती शेवटचीच. घुमटाची ही प्रचंड वास्तू जिजाऊंच्या बालपणी नव्हती. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादेच्या दरबारात निजामशहाने पुन्हा आपल्याकडे परतलेल्या लखुजींना भेटीला बोलावून ठार केलं. त्यांच्याबरोबर अचलोजी आणि रघोजी हे मुलगे आणि नातू यशवंतराव, तिघंही मारले गेले. एका घरातली चार माणसं, तीही ज्याची चाकरी केली त्याच्याच दारात. तारीख लक्षात ठेवून पुढचा हिशेब करा: १९ फेब्रुवारी १६३० ला शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म झाला. म्हणजे ही बातमी कानावर आली तेव्हा जिजाऊंच्या पोटात शिवराय होते. लखुजींच्या मागे राहिलेलं कुटुंब पुन्हा मोगलांच्या आश्रयाला गेलं. दुसऱ्याची चाकरी कितीही मोठी असली तरी ती किती टिकते, याचा धडा शोधायला जिजाऊंना ग्रंथ उघडावे लागले नाहीत. समाधीच्या थंड अंधारात पाच मिनिटं उभं राहिलं की हे भाषणापेक्षा जास्त समजतं.

गावाची पुढची कहाणी उताराची आहे. १७५७ च्या अखेरीस मराठे आणि निजाम इथेच लढले. १८०४ मध्ये इथून गेलेल्या इंग्रज सेनापती वेलस्लीने उपासमार आणि चोरांचा सुळसुळाट यांविषयी लिहून ठेवलं.

आज १२ जानेवारीला इथे पाय ठेवायला जागा नसते. पहाटे जन्मस्थानी पूजा होते, मग मराठा सेवा संघाच्या जिजाऊ सृष्टीवर दिवसभर सभा. पुस्तकांचे स्टॉल मात्र मुद्दाम पाहावेत. जत्रेत खेळणी घ्यावीत तशी माणसं इथे पुस्तकं घेऊन जातात. माणसं पाहायची असतील तर त्या दिवशी जा, गाव पाहायचं असेल तर दुसऱ्या कुठल्याही दिवशी.

समृद्धी महामार्ग झाल्यापासून इथे पोचणं सोपं झालं आहे. रेल्वेने यायचं तर जालना जवळचं. अडचण आहे ती गावात आल्यावर. तलाव, बारवा, समाधी ही सगळी ठिकाणं एकमेकांपासून फार लांब नाहीत, तरी त्यांना ओळीने जोडणारी वाट आखून, प्रत्येक ठिकाणी काल आणि प्रसंग सांगणारे फलक लावायला हवेत. ते होईपर्यंत स्वतःच क्रम लावून घ्या: तलाव, बारवा, देवळं, राजवाडा, मग समाधी. पावसाळा सरल्यावर या, तलावांत पाणी असतं. हाताशी निदान एक अख्खा दिवस ठेवा, आणि लोणार दुसऱ्या दिवशी करा.