ऑनलाइन पाठात आमची मुले मुकीच!

संविधानाची उद्देशिका तोंडपाठ असलेला मुलगा उद्देशिका वाचू शकतो काय? प्रश्न विचित्र वाटेल. परंतु २०२४ च्या संविधान दिनी एका वस्तीतील सहावीच्या मुलाने तो आमच्यापुढे उभा केला. कार्यक्रमात त्याने उद्देशिका खणखणीत आवाजात, एकाही शब्दाला न अडखळता म्हटली. टाळ्या झाल्या. कार्यक्रम आटोपल्यावर आम्ही त्याचे मराठीचे पुस्तक उघडले. सुरुवातीच्या पानावर हीच उद्देशिका छापलेली असते. आम्ही म्हटले, "बाळा, यात 'बंधुता' कुठे आहे, बोट ठेवून दाखव बरं." मुलगा बराच वेळ पानाकडे पाहत राहिला. मग मान खाली घालून म्हणाला, "सर, मला पाठ येतं. वाचता नाही येत."

त्याची आई शेजारीच उभी होती. ती कळवळून म्हणाली, "अवो सायेब, असं कसं? लॉकडाऊनमध्ये रोज मोबाईलवर शाळा करायचा की तो!" त्या माउलीचे काहीच चुकले नव्हते. धुणीभांडी करून जमवलेल्या पैशातून तिने मोबाईलचा रिचार्ज केला होता. मुलगा रोज मोबाईलसमोर बसत होता. पडद्यावर बाई बोलत होत्या, चित्रे हलत होती. तरीही मुलगा वाचायला शिकला नाही. का शिकला नाही, याचा विचार चळवळीने करायला हवा. कारण हा एकटा मुलगा नाही.

या मुलाची इयत्ता मोजून पाहा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा तो पहिलीत होता. अक्षरओळख जेमतेम झाली आणि शाळेला कुलूप लागले. जोडाक्षरे पक्की व्हायची ती दुसरीत. त्याची दुसरी मोबाईलवर गेली. महाराष्ट्रात पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला डिसेंबर २०२१ उजाडावा लागला, म्हणजे त्याची निम्मी तिसरीही गेली. परीक्षेत कुणाला मागे ठेवायचे नव्हते, म्हणून वर्ग पुढे सरकत राहिला. मूल मात्र जोडाक्षराच्या उंबरठ्यावरच उभे राहिले. २०२० च्या जूनमध्ये जी मुले पहिली-दुसरीत होती, ती २०२५ च्या जूनमध्ये सहावी-सातवीत गेली. आज उच्च प्राथमिक वर्गात बसलेली ही पिढी टाळेबंदीची पिढी आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान आणले. त्याचे लक्ष्य काय, तर २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचता यावे. चांगले आहे. पण जे तिसरी ओलांडून पुढे गेले, त्यांचे काय? त्यांच्या वाट्याला पुन्हा मोबाईलच आला. क्यूआर कोड आला, व्हिडिओ आला, ॲप आले. म्हणून ऑनलाइन पाठातून वाचन कसे शिकवायचे, हा प्रश्न करोनाबरोबर संपलेला नाही.

'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी घोषणा त्या काळी घरोघरी ऐकू येत होती. शिक्षण सुरू होते, पण कुणाचे? टाळेबंदीपूर्वीच्या, २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील ग्रामीण भागात इंटरनेटची सोय असलेली घरे होती १४.९ टक्के आणि संगणक असलेली घरे ४.४ टक्के. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित घरांतील सुमारे चौदाशे मुलांची पाहणी केली. तेव्हा ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुले निघाली अवघी ८ टक्के. त्यातही अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांचे प्रमाण ४ टक्के, तर इतरांचे १५ टक्के. एकाच गावात, एकाच गरिबीत हा फरक! गावकुसाबाहेरची रेघ मोबाईलच्या पडद्यावरही उमटली, ती अशी.

आणि ज्या घरात मोबाईल होता, तिथे तो कुणाच्या हातात होता? दिवसा तो बापाच्या खिशात, कामाच्या नाक्यावर. रात्री घरी आला की आधी भावाच्या हातात, मग उरला वेळ तर बहिणीच्या. हे आमच्याच घरातले वास्तव आहे. ते झाकून व्यवस्थेवर टीका करण्याचा अधिकार आम्हाला पोहोचत नाही.

परंतु प्रश्न केवळ मोबाईलचा असता तर सरकारने मोबाईल वाटले की सुटला असता. त्या सहावीच्या मुलाकडे मोबाईल होता, रिचार्ज होता, रोजची हजेरी होती. नव्हते ते एकच. त्याला कुणी ऐकले नाही. पाठ सुरू झाला की पहिली सूचना यायची, 'सर्वांनी आपापला माईक बंद करा.' चाळीस मुलांचा गोंगाट नको, हे आम्हालाही समजते. पण वाचन शिकवणे म्हणजे मूलतः मुलाचे वाचन ऐकणे होय. ते कुठे थांबते, कोणते अक्षर गाळते, कुठे अंदाजाने ठोकून देते, हे कानांनाच कळते. वर्गात बाई बाकाजवळ येऊन उभ्या राहिल्या की न वाचणारा मुलगा सापडतो. पडद्यावर तो सापडत नाही. तो शांत बसतो, हजेरी लावतो, चित्र पाहतो आणि गोष्ट ऐकून उत्तरही देतो. ऐकणे आणि वाचणे यांतला फरक ऑनलाइन पाठात पुसला गेला, आणि आमची मुले तिथे मुकी झाली.

आफ्रिकेतील बोट्स्वाना देशातला एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. २०२० मध्ये तेथील शाळा बंद असताना सुमारे साडेचार हजार कुटुंबांमध्ये तो झाला. विषय वाचनाचा नव्हता, गणिताचा होता. काही घरांना दर आठवड्याला नुसते संदेश पाठवले. काहींना संदेशाबरोबर पंधरा-वीस मिनिटांचा साधा फोन केला आणि मुलाशी बोलून त्याच्याकडून गणित करून घेतले. नुसत्या संदेशाने म्हणण्याजोगा फरक पडला नाही, फोनने पडला. व्हिडिओ नाही, ॲप नाही. पलीकडे माणूस होता आणि तो मुलाचे ऐकत होता, एवढेच.

मग वाचनाचा ऑनलाइन पाठ कसा असावा? पहिली गोष्ट, पुस्तक हातात हवे, पडद्यावर नको. पाच-सहा इंचांच्या पडद्यावर पाठ्यपुस्तकाचे पान उघडले की अक्षर मुंगीएवढे दिसते. दोन बोटांनी मोठे करावे तर ओळ पडद्याबाहेर जाते. 'राष्ट्र', 'दारिद्र्य', 'स्वातंत्र्य' यांसारख्या शब्दांतली जोडाक्षरे तर एकमेकांत मिसळून जातात. र या एकाच अक्षराची रूपे पाहा. 'धर्म'मध्ये ते डोक्यावर बसते, 'क्रम'मध्ये पायाशी जाते, 'ट्रक'मध्ये वेगळेच होते, 'दऱ्या'मध्ये आडवे पडते. जे मूल अजून ही रूपे ओळखायला शिकते आहे, त्याला अंधुक पान देणे म्हणजे त्याची परीक्षा पाहणे होय. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ५४ अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात, एक लाख सत्तर हजारांवर वाचकांच्या आधारे, कागदावरचा माहितीपर मजकूर पडद्यावरच्यापेक्षा बरा समजतो असेच दिसले. तेव्हा मोबाईल कानासाठी वापरावा, डोळ्यांसाठी पुस्तक ठेवावे.

दुसरी गोष्ट, गट लहान हवा, चार-पाच मुलांचा. आणि तो इयत्तेप्रमाणे नव्हे तर वाचनाच्या पातळीप्रमाणे. जोडाक्षराला अडणारा सातवीचा आणि जोडाक्षराला अडणारा पाचवीचा एका गटात बसू द्या. त्यात कमीपणा नाही. मात्र सातवीच्या मुलाला चिऊ-काऊची गोष्ट देऊ नका. त्याचे वाचन लहान आहे, तो लहान नाही. वाक्ये सोपी असावीत, विषय त्याच्या वयाचा असावा.

तिसरी गोष्ट, उतारा आठ-दहा ओळींचाच. शिकवणाऱ्याने आधी सावकाश वाचावा, मुलांनी पुस्तकावर बोट ठेवून ऐकावे, मग एकेकाने वाचावा. तोच उतारा तीन-चार वेळा. मोठ्याने, कुणाच्या तरी मदतीने, पुन्हा पुन्हा वाचल्याने वाचन ओघवते होते, हा निष्कर्ष अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन समितीने २००० साली मांडला. नेट चालत नसेल तर मुलाने उतारा वाचून आवाज रेकॉर्ड करावा आणि रात्री मोबाईल घरी आला की पाठवावा. शिकवणाऱ्याने तो सवडीने ऐकून एकच चूक सांगावी, दहा नव्हे. महिन्याच्या पहिल्या तारखेचा आवाज जपून ठेवावा आणि शेवटच्या तारखेच्या आवाजाबरोबर मुलाला ऐकवावा. आपण पुढे गेलो हे त्याचे त्यालाच कळते. कोणत्याही प्रमाणपत्राहून ते मोलाचे असते.

चौथी गोष्ट समजण्याची. अमेरिकेत १९८४ मध्ये पॅलिन्कसार आणि ब्राउन या दोन संशोधिकांनी सातवीच्याच, अक्षर येते पण अर्थ लागत नाही अशा मुलांबरोबर एक पद्धत वापरली. मुलांनी आळीपाळीने चार कामे करायची: पुढे काय असेल याचा अंदाज, मजकुराला प्रश्न, अडलेल्या शब्दाचा उलगडा आणि शेवटी सार. हे फोनवर सहज जमते. उतारा म्हणून शिष्यवृत्तीची सूचनाच घ्या. मथळा वाचून एकाने अंदाज सांगावा. दुसऱ्याने विचारावे, शेवटची तारीख कोणती, उत्पन्नाचा दाखला कशाला? तिसऱ्याने 'सक्षम प्राधिकारी' म्हणजे आपल्याकडे कोण, हे शोधून सांगावे. चौथ्याने सगळी सूचना दोन वाक्यांत आईला समजावून द्यावी. वाचनाने घरातले एखादे काम मार्गी लागले, की वाचन कशासाठी हे मुलाला वेगळे सांगावे लागत नाही.

आता एक दुखणे स्पष्टच बोलतो. मूल छापलेले 'पाणी' वाचताना 'पानी' म्हणाले, तर त्याचे वाचन चुकले काय? नाही! त्याने अक्षर ओळखले, अर्थ ओळखला, आणि शब्द आपल्या घरच्या बोलीत उच्चारला. परंतु कित्येक ठिकाणी इथेच त्याला तोडले जाते. 'ण म्हण, ण!' बाकीची मुले फोनवर हसतात. मूल माईक बंद करते आणि पुन्हा उघडत नाही. शुद्ध-अशुद्धाचा हा सोवळेपणा शाळेतून मोबाईलवर आला आहे. प्रमाणभाषा मुलाला यायलाच हवी, पण ती वाचत-वाचत येईल. वाचण्याआधीच त्याची जीभ कापून येणार नाही. 'शाळा'चे 'शाला' झाले तर पुढे जाऊ द्या. 'शाळा'चे 'शाई' झाले तर थांबवा. चूक कोणती आणि बोली कोणती, एवढा विवेक शिकवणाऱ्याकडे हवा.

हे सर्व आम्ही लिहितो म्हणजे सरकारची जबाबदारी आम्ही स्वतःच्या खांद्यावर घेतो, असे कुणी समजू नये. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षण मिळणे हा संविधानाच्या कलम २१-अ नुसार मूलभूत हक्क आहे, आणि १ एप्रिल २०१० पासून त्याचा कायदाही लागू आहे. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार राज्यात पुढे आला. अशा वेळी 'शिक्षक नाही तर ऑनलाइन पाठ आहे' हे उत्तर आम्हाला मान्य नाही. ऑनलाइन पाठ हा शिक्षकाचा हात लांब करण्यासाठी आहे, शिक्षकाची जागा रिकामी ठेवण्यासाठी नाही. सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलाचे वाचन वर्षातून दोनदा प्रत्यक्ष ऐकून नोंदवावे आणि मागे राहिलेल्यांसाठी शाळेच्या वेळातच वाचनाचा तास ठेवावा, ही आमची मागणी आहे.

पण मागणी मान्य होईपर्यंत मुलाने वाट पाहायची काय? टाळेबंदीत सोलापूरच्या निलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर पाठ रंगवले. ज्यांच्याकडे मोबाईल नव्हता ती मुलेही येता-जाता वाचू लागली. आणि आमची परंपरा तर त्याहून जुनी आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला तेव्हा वस्तीत वाचता येणारी माणसे बोटावर मोजण्याइतकी होती. एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी भोवती बसून ऐकायचे, अशी आमच्या आज्या-पणज्यांनी वृत्तपत्रे ऐकली. आज उलटे करायचे आहे. मुलाने वाचायचे आणि मोठ्यांनी ऐकायचे.

त्या सहावीच्या मुलाला वस्तीतील एका महाविद्यालयीन मुलीने हाताशी धरले. नोकरीमुळे ती दुसऱ्या शहरात गेली. तरी रात्री साडेआठला तिचा फोन येतो. पंधरा मिनिटे, एक उतारा, हातात पुस्तक. "ताई, थांब, ओळ चुकली," असे तो आता स्वतःहून म्हणतो. 'बंधुता' त्याने केव्हाच शोधली. 'सार्वभौम'ला अजून अडतो. परंतु अडतो तेव्हा गप्प बसत नाही, विचारतो.

समाजात शिकून नोकरीला लागलेली, शहरात गेलेली, परदेशी गेलेली हजारो मुले-मुली आहेत. जयंतीला ती वर्गणी पाठवतात, चांगलेच आहे. आता त्यांनी आपल्या वस्तीतील एका मुलाचा नंबर घ्यावा आणि रोज पंधरा मिनिटे त्याचे वाचन ऐकावे. विहारात, समाजमंदिरात ज्यांच्या घरी मोबाईल नाही त्यांच्यासाठी एक मोबाईल आणि पुस्तकांचे एक कपाट ठेवावे, आणि तिथे आधी मुलींची पाळी लावावी. 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश आम्ही भिंतीवर रंगवला आहे. तो भिंतीवरून वाचता येणारे मूल घडवणे अजून बाकी आहे.

जयभीम!