प्रचालक तुंब्याची घसर

यांत्रिक नौकेचे एंजिन व प्रचालकाचा दंड फिरत असताना प्रचालकाची पाती त्याच वेगाने न फिरता मागे राहणे, या दोषास प्रचालक तुंब्याची घसर म्हणतात. प्रचालक म्हणजे नौकेला ढकलणारा पाण्यातील पंखा आणि तुंबा म्हणजे त्याचा दंडावर बसणारा मधला भाग. बैलगाडीच्या चाकाचे आरे ज्यात बसवितात, त्या भागालाही तुंबा हेच नाव आहे. हा दोष मुख्यतः नौकेच्या मागील फळीवर अडकविलेल्या सुट्या एंजिनांत आढळतो. अशी एंजिने मच्छीमारी व जलविहार यांप्रमाणेच पूरबचावाच्या होड्यांवरही असल्याने समुद्रापासून दूरच्या प्रदेशांतही या दोषास महत्त्व आहे. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) हा अवर्षणप्रवण जिल्हा होय. परंतु सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने त्याच्या परांडा व भूम तालुक्यांत पूर आले आणि अडकलेल्या लोकांना सोडविण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके व हेलिकॉप्टरे आणावी लागली. वाहत्या पुरात प्रचालकाची पकड सुटली, तर होडी प्रवाहाच्या स्वाधीन होते.

रचना व कार्य : सुट्या एंजिनाच्या प्रचालकाचा तुंबा बहुधा दोन भागांचा असतो. दंडावरील लांबट खाचांत घट्ट बसणारी धातूची बाही आत असते. पाती जोडलेले कवच बाहेर असते. या दोहोंमध्ये रबराचे जाड अस्तर दाबून बसविलेले असते. एंजिनाचे परिबल (पिळण्याची प्रेरणा) या अस्तराच्या घर्षणातूनच पात्यांकडे जाते. अलीकडच्या अनेक प्रचालकांत रबराऐवजी बदलता येण्याजोगी कठीण प्लॅस्टिकची बाही असते. जुन्या व लहान एंजिनांत तुंबा दंडाला आडव्या बसविलेल्या मऊ धातूच्या खिळीने जोडलेला असतो.

ही जोडणी मुद्दाम दुर्बल ठेवलेली असते. पाते दगडावर किंवा ओंडक्यावर आदळले की रबर क्षणभर घसरते, प्लॅस्टिकची बाही पिळवटते अथवा खीळ तुटते आणि आघात दंडापर्यंत पोचत नाही. दंड व खालच्या पेटीतील दंतचक्रे यांची दुरुस्ती अवघड व खर्चाची असते. अस्तर त्यामानाने स्वस्त असते. म्हणून आघाताच्या वेळी घसरणे हे तुंब्याचे कार्य असून, नेहमीच्या भाराखालीही घसरत राहणे हा त्याचा दोष होय.

घसर आणि सरक : प्रचालकाच्या एका फेऱ्यात, घन पदार्थातील मळसूत्राप्रमाणे, नौका जितकी पुढे जावयास हवी त्या अंतरास प्रचालकाचा अंतराल म्हणतात. पाणी मागे सरत असल्याने प्रत्यक्षात नौका त्याहून कमी अंतर जाते. या स्वाभाविक तफावतीस सरक म्हणतात व ती निर्दोष प्रचालकातही असते. उदा., एंजिन मिनिटास ५,००० फेरे करीत असून दंतचक्रांमुळे प्रचालकाचे २,५०० फेरे होत असतील व अंतराल ३३ सेंमी. असेल, तर सैद्धांतिक वेग तासास ४९.५ किमी. येतो. त्याच भाराने पूर्वी ४० किमी. वेगाने जाणारी होडी तेवढ्याच फेऱ्यांवर २० किमी. वेगाने जाऊ लागली, तर स्वाभाविक सरक हे त्याचे कारण असू शकत नाही.

कारणे : कठीण वस्तूवर आदळणे हे सर्वांत नेहमीचे कारण होय. पूर आलेल्या शेतशिवारातून जाताना बांधाचे दगड, काटेरी तारांचे कुंपण, बाभळीच्या फांद्या व ठिबक सिंचनाच्या नळ्या पाण्याखाली असतात आणि प्रत्येक आघाताने अस्तराची पकड थोडी सैल होते. दुसरे कारण रबराचे वार्धक्य. ऊन, उष्णता व हवा यांमुळे रबर कडक होऊन त्याला भेगा पडतात. एकदा घसरू लागलेले अस्तर घर्षणाने तापून झपाट्याने खराब होते. पाती सरळ करताना केलेल्या वितळजोडकामाच्या उष्णतेनेही अस्तर निकामी होते. अवर्षणप्रवण जिल्ह्यात बचावाच्या होड्या दीर्घकाळ पाण्यात उतरत नाहीत. त्यामुळे एंजिन सुस्थितीत असूनही तुंब्याचे रबर जुने झालेले असण्याचा संभव राहतो.

निदान : एंजिनाचा आवाज व फेरे एकदम वाढतात, पण होडीचा वेग वाढत नाही, हे मुख्य लक्षण होय. प्रचालक फिरविण्यास लागणारे परिबल साधारणपणे फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेरे दुप्पट झाले की ते सुमारे चौपट होते. म्हणून सैल तुंबा मंद गतीत ठीक चालतो आणि गती वाढविताच घसरतो.

हेच लक्षण इतर दोषांतही दिसते. एंजिन फार वर बसविले असल्यास किंवा होडी तीव्र वळण घेत असल्यास प्रचालकाकडे हवा ओढली जाते. तेथे फेस दिसतो व गती कमी करून होडी सरळ केल्यावर पकड परत येते. पात्यांना गवत वा जाळे गुंडाळले गेल्यास एंजिन मोकळे धावण्याऐवजी बहुधा जड चालते. दंतचक्रांची पकड सुटत असेल, तर खडखडाट व झटके जाणवतात. आडवी खीळ तुटल्यास मंद गतीतही ढकल मिळत नाही.

खात्रीची परीक्षा सोपी आहे. एंजिन बंद ठेवून आतील बाहीवरून (ती झाकलेली असल्यास दंडाबरोबर फिरणाऱ्या चकतीवरून) बाहेरील कवचापर्यंत रंगाची एकच सरळ रेघ ओढतात. नंतर होडी मोकळ्या पाण्यात भाराखाली चालवून रेघ पाहतात. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले असल्यास तुंबा घसरला हे निश्चित होते. पाण्याबाहेर प्रचालक हाताने फिरवून केलेली परीक्षा पुरेशी नसते, कारण हाताचे परिबल फार कमी असते.

दुरुस्ती : प्रथम एंजिन बंद करून सुरक्षा दोरी व ठिणगी-गुडदीची तार काढतात, म्हणजे प्रचालक फिरविताना ते चुकूनही सुरू होत नाही. पाते लाकडी ठोकळ्याने अडवून कुलूप-पिन, नट व चकत्या क्रमाने काढतात आणि प्रचालक ओढून घेतात. दंडाभोवती मासेमारीचा तंगूस गुंडाळलेला आहे काय, हे पाहणे आवश्यक असते. तो तेलरोधक कडी कापतो व पाणी दंतचक्रांच्या पेटीत शिरते. तेल दुधासारखे पांढुरके झाले असल्यास पाणी शिरल्याचे समजावे. प्लॅस्टिकची बाही हाताने बदलता येते. दाबून बसविलेले रबरी अस्तर मात्र दाबयंत्रानेच काढून नवे बसवावे लागते. नवी जोडणी योग्य त्या परिबलापर्यंत न घसरणे व त्यापलीकडे घसरणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक असतात. परत बसविताना खाचांना वंगण लावतात, नट निर्मात्याने सांगितलेल्या परिबलाने आवळतात आणि कुलूप-पिन नवी वापरतात.

कवच व बाही बोल्टांनी किंवा वितळजोडाने पक्की जखडणे हा उपाय घातक आहे. घसर थांबते, परंतु पुढील आघात थेट दंतचक्रांवर जातो. तुटलेल्या खिळीच्या जागी पोलादी खिळा घालण्याचा परिणामही हाच होतो. पाण्यात असताना दोष उद्‍भवल्यास, घसर सुरू होते त्याहून कमी गती ठेवून जवळच्या काठाला लागणे हाच सुरक्षित मार्ग होय.

स्थिर एंजिनाच्या नौका : कोकण किनाऱ्यावरील यांत्रिक मच्छीमार नौकांत एंजिन आत असते व धातूचा अखंड प्रचालक दंडाच्या निमुळत्या टोकावर चावीने व नटाने बसवितात. तेथे रबर नसल्याने घसर क्वचित होते व झाल्यास निमुळत्या पृष्ठांचा स्पर्श अपुरा असणे, नट सैल होणे किंवा चावी तुटणे, ही कारणे असतात. एका पृष्ठास निळा रंग लावून स्पर्श तपासतात, बारीक घर्षक लेपाने दोन्ही पृष्ठे एकमेकांवर घासून जुळवितात आणि नवी चावी घालतात.

प्रतिबंध : पावसाळ्यापूर्वी होडी पाण्यात उतरवून भाराखाली चालविणे व रेघेची परीक्षा करणे इष्ट असते. पूरबचावाच्या होडीत वल्ही, नांगर, नट, कुलूप-पिना व आवश्यक हत्यारे यांबरोबर एक पूर्ण तयार प्रचालक ठेवतात. रबरी अस्तर पूरस्थळी बदलता येत नाही, पण प्रचालक काठावर थोड्या वेळात बदलता येतो.